मागच्या सीटवरचा गोल डाग

माझ्या आजोबांनी एका रिकाम्या गाडीची माफी मागितली. सगळ्या चर्चसमोर, लख्ख उजेडात, टोपी काढून.

आणि गाडीनं माफ केलं.

...

असं काही झालं नाही. वरच्या ओळी तुम्ही वाचल्याच नाहीत असं समजा. आमच्या गावात असलं काही होत नाही. झालंच, तर ते झालं नाही असं सगळे मिळून ठरवतात. त्यासाठी बैठकसुद्धा घ्यावी लागत नाही.

तर पहिल्यापासून सांगतो.

ही घटना खरी आहे. मी टॅनर नेसवोल्ड. गाव हेल्व्हिक, राज्य विस्कॉन्सिन. गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. वेळ... दुपार.

भुताच्या गोष्टीला रात्र हवी, हे मलाही कळतं. पण आमच्याकडे साडेआठला सगळे झोपतात. ज्याला काही करायचंय त्यानं ते दिवसाच उरकावं, मग तो जिवंत असो नाहीतर नसो.

आजोबांना त्या महिन्याच्या अखेरीस वृद्धाश्रमात राहायला जायचं होतं. घर माझ्याकडे येणार होतं. कुत्रा शेजाऱ्यांकडे. राहिली फक्त गाडी.

"ती गेली पाहिजे," आजोबा म्हणाले. "मी जायच्या आत. माझ्या डोळ्यांसमोर."

"ठेवतो की मी. छान आहे."

"जागा अडते."

गॅरेजमध्ये तीन गाड्या मावतील एवढी जागा होती. मी मान डोलावली. आमच्याकडे समोरच्यानं कारण दिलं की ते घ्यायचं असतं, भेटवस्तूसारखं. उलटून बघायचं नसतं.

गाडी म्हणजे अठ्ठ्याहत्तर सालचं अमेरिकन आलिशान कूपे. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. नाक एवढं लांब की पुढचा दिवा शेजारच्या गावात आधी पोचतो. दारं दोनच. मागच्या सीटवर जायचं तर पुढची सीट पाडायची, वाकायचं, आत घुसायचं. उतरायचं तर बाहेरच्या कुणीतरी सीट पाडून द्यायची. मागच्या माणसाला दार नाही. त्याच्या वाट्याला फक्त खांबात बसवलेली एक छोटी अंडाकृती खिडकी. ती उघडत नाही. शोभेची.

मी जाहिरात लिहिली.

"विकणे आहे. दोन दारी आलिशान गाडी. एकच मालक. कायम गॅरेजमध्ये. बाहेरून गडद लाल, आत त्याच रंगाची मखमल. किरकोळ डाग-ओरखडे."

किरकोळ म्हणजे काय? डॅशबोर्डला एक चीर. मागच्या बंपरवर ओरखडा. पुढच्या उजव्या सीटची कळ जरा घट्ट. आणि मागच्या सीटवर, उजव्या बाजूला, मखमलीवर एक गोल डाग. मोठ्या ताटाएवढा. कडा अगदी रेखीव, जणू कुणी काहीतरी गरम ठेवून उचललंय.

"हा कसला?" मी विचारलं.

आजोबा खिडकीबाहेर बघत राहिले. "किरकोळ आहे," म्हणाले.

फोटो काढायचे म्हणून मी गाडी धुवायला गावात नेली.

आमच्याकडे रस्त्यात कुणी दिसलं की हात करायचा असतो. ओळख असो वा नसो. स्टिअरिंगवरून एक बोट उचललं तरी चालतं, पण उचलायचं. न उचलणाऱ्याबद्दल लोक तीन पिढ्या बोलतात.

तर त्या दिवशी सगळ्यांनी हात केला. धान्याच्या कोठाराजवळच्या माणसांनी केला. टपालवाल्या बाईनं केला.

मीही बोट उचलत होतो.

मग माझ्या लक्षात आलं...

ते माझ्याकडे बघत नव्हते.

ते मागे बघत होते. त्या अंडाकृती खिडकीकडे.

हात वर जायचा, सवयीनं. ओठांवर हसू यायचं, सवयीनं. आणि मग तो हात हवेतच थांबायचा. चेहरा उतरायचा. मान खाली. टपालवाली बाई तर चक्क पेटीमागे जाऊन उभी राहिली. एवढी मोठी बाई, एवढीशी पेटी.

मी आरशात बघितलं.

मागे कुणी नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते नवरा-बायको. कर्ट आणि लोरेन. लांबून आले होते, ला क्रॉसहून. कर्टचं बोलणं ऐकून वाटत होतं की तो गाडी घ्यायला आला नाहीये, लग्न करायला आलाय.

"बघ लोरेन, बघ! नाक बघ तिचं!"

"बघतेय. आपल्या गॅरेजचं दार लागणार नाही."

"गॅरेज वाढवू."

"आधी किराणा भरू."

आजोबा पायरीवर उभे होते. हातात टोपी. टोपीची कड बोटांनी फिरवत.

फेरी मारायचं ठरलं. कर्ट चालवणार, मी त्याच्या बाजूला, लोरेन मागे. मी सीट पाडली. कळ घट्ट होती, दोन्ही हात लावावे लागले. लोरेन वाकून आत गेली, उजवीकडे बसायला टेकली, आणि...

"अय्या, सॉरी हं!"

ती झटकन डावीकडे सरकली.

"कुणाला सॉरी?" कर्टनं विचारलं.

लोरेन वळली. आपल्या बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिली. मग पर्स छातीशी धरली आणि अगदी डाव्या कोपऱ्यात अंग चोरून बसली. बसमध्ये बाजूला कुणी सामान घेऊन बसलं की आपण बसतो, तसं.

आम्ही निघालो. गाडी लोण्यासारखी चालत होती. कर्ट गुणगुणत होता.

आणि मागून आवाज आला...

चुरचुर.

थांबला.

पुन्हा... चुरचुर. अगदी हळू. कुणीतरी भांड्यावरचा चंदेरी फॉइलचा कागद कडेनं नीट दाबून बसवतंय, असा. वाफ जाऊ नये म्हणून.

"काय गं, काही खातेस का?" कर्ट म्हणाला.

"नाही."

"वास येतोय पण. बटाटे... चीज..."

"कर्ट," लोरेन म्हणाली, "गाडी वळव."

उतरल्यावर ती सरळ त्यांच्या गाडीत जाऊन बसली. काच अर्धी खाली केली. मी जवळ गेलो.

"काय झालं? काही खराबी असेल तर मी जाहिरातीत..."

"खराबी नाही रे बाळा," ती म्हणाली. आवाज दबका. "मागे जागा नाहीये."

"चौघांची गाडी आहे."

"मी कुणाच्या तरी गुडघ्यावर बसले," लोरेन म्हणाली. "आणि ती... रागावली नाही. उलट तीच सरकली. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की काय सांगू."

काच वर गेली.

मी वळून बघितलं. पायरीवर आजोबा नव्हते. टोपी तेवढी पडली होती.

त्यानंतर आणखी दोघे आले. एक जण गाडी घेऊन गेलासुद्धा, पूर्ण व्यवहार करून. दुपारच्या आत परत आला. किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "मी गाडीत तंबाखू खातो, शिव्या देतो, रेडिओ मोठ्यानं लावतो. या गाडीत मला यातलं काहीच जमलं नाही. मागे कुणीतरी वडीलधारं बसल्यासारखं वाटतं. तीस मैल मी ताठ बसून गाडी चालवली रे. माझी पाठ गेली."

मला वाटलं, दोष त्या डागाचाच असणार. लोक डाग बघतात, मन खट्टू होतं, मग काहीबाही वाटतं. शिकलेला माणूस असाच विचार करतो. मी दोन वर्षं कॉलेजात होतो.

म्हणून मी बादली आणि ब्रश घेतला. सीट पाडली. आत शिरलो. डागाशेजारी बसून घासायला लागलो.

गॅरेजचं दार उघडं होतं. बाहेर ऊन. आजोबा मागे पानं गोळा करत होते, दाताळ्याचा आवाज येत होता.

डाग निघेना. उलट... तो कोमट लागत होता.

मी हात ठेवून बघितला. सगळी सीट गार. तेवढा गोल कोमट.

आणि मग गाडीचं दार हळूच लोटलं गेलं. जड दार, उतारावरची फरशी, होतं असं.

पुढची सीट मागे आली.

कट्.

कळ बसली.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, पुढच्या सीटवरून उडी मारायची. मीही स्वतःला तेच सांगत होतो. उठायला गेलो.

उठता येईना.

माझ्या मांडीवर काहीतरी होतं.

दिसत नव्हतं. पण होतं. जड. गोल. गरम. काठोकाठ भरलेलं. हललो असतो तर सांडलं असतं, हे मला इतकं स्पष्ट कळत होतं की माझे दोन्ही हात आपोआप त्याच्या कडांभोवती गेले. हवेत. काहीच नसलेल्या भांड्याला धरून मी बसलो.

चुरचुर...

माझ्याच बोटांखाली.

ठेवून द्यावं बाजूला, मी मनात म्हटलं. आणि लगेच दुसरा विचार आला. छे, सीटला डाग पडेल. ऑर्व्हलची नवी गाडी आहे.

ऑर्व्हल म्हणजे माझे आजोबा. मी त्यांना ऑर्व्हल म्हणत नाही. आणि गाडी नवी नव्हती.

तो विचार माझा नव्हता.

हाक मारायची म्हणून तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. घशात भीती नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. घशात लाज होती. कुणाला हाक मारून काम सोडायला लावायचं, माझ्यासाठी धावत यायला लावायचं, याची लाज. थोड्या वेळात कुणीतरी येईलच. उगाच कशाला त्रास.

उगाच कशाला त्रास.

उगाच कशाला त्रास.

दाताळ्याचा आवाज थांबला. आजोबा गॅरेजच्या दारातून चालले होते. अंडाकृती खिडकीतून मला ते दिसले. मी जीव एकवटून एक हात भांड्यावरून सोडवला, वर केला, काचेवर थाप मारायची म्हणून.

आणि हात हलवला.

नुसता. लाडानं. आपण ओळखीच्याला करतो तसा.

चेहऱ्यावर हसू आलं. तेही माझं नव्हतं.

आजोबांनी बघितलं. दाताळं हातातून पडलं. त्यांचा हात वर आला, सवयीनं. त्यांनीही हात केला.

मग त्यांनी तोंड झाकून घेतलं आणि तिथंच फरशीवर बसले.

आर्डिस आत्या म्हणजे आजोबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. मी जन्मायच्या आधी गेली. आमच्या घरी तिच्याबद्दल एकच वाक्य बोललं जायचं. "आर्डिस चर्चमध्ये गेली." लोकांना हेवा वाटावा असं मरण.

त्या दुपारी आजोबांनी मला बाहेर काढलं, स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य पूर्ण केलं.

"चर्चच्या पार्किंगमध्ये," ते म्हणाले. "गाडीत."

ऑक्टोबरातलं चर्चचं मोठं जेवण. प्रत्येकानं घरून एक भांडं आणायचं. आजोबा चालवत होते, आजी बाजूला, आर्डिस आत्या मागे, मांडीवर हॉटडिश घेऊन. खिमा, बटाटे, वर चीज, थेट भट्टीतून काढलेलं. भांड्याच्या तळाला चिकटपट्टी, तिच्यावर तिचं नाव.

पोचल्यावर पाद्रीबाबांनी टेबलं उचलायला आजोबांना हाक मारली. आजीला कुणीतरी भेटलं. ती उतरली, बोलता बोलता दार लोटलं.

"तुझी आजी समजली मी उतरवलं आर्डिसला," आजोबा म्हणाले. "मी समजलो तिनं."

"आणि आत कुणाला कळलं नाही?"

"सगळ्यांना वाटलं ती किचनमध्ये आहे. आर्डिस कायम किचनमध्येच असायची."

"पण ती हॉर्न वाजवू शकली असती! काच ठोकू शकली असती! लोक जात-येत असतील ना शेजारून?"

आजोबांनी कपातल्या कॉफीकडे बघितलं.

"जात होते," ते म्हणाले. "सगळे शेजारूनच गेले. सगळ्यांना खिडकीत दिसली ती. सगळ्यांनी तिला हात केला."

...

"आणि?"

"तिनंही केला."

भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. मला ते बंद करावंसं वाटलं.

"बाहेर गारठा होता," आजोबा म्हणाले. "तिचं हृदय कमजोर होतं, कुणाला बोलली नव्हती. डॉक्टर म्हणाले झटकन झालं असेल. ते चांगले डॉक्टर होते. त्यांनीही हात केला होता."

"आणि तो डाग..."

"शेवटी तिनं भांडं बाजूला ठेवलं," आजोबा म्हणाले. "तेवढाच काय तो तिनं कुणाला त्रास दिला."

त्या दिवसाबद्दल आजी आणि आजोबा नंतर एक शब्द बोलले नाहीत. आजी जाईपर्यंत. "चांगला संसार झाला आमचा," आजोबा म्हणाले, आणि मला पहिल्यांदा वाटलं की या घरात मोठ्यानं ओरडावं. पण शेजारी झोपले असतील. दुपारचे.

"मग गाडी विकायला का निघालात?"

"तिथं वृद्धाश्रमात गॅरेज नाही," ते म्हणाले. "आणि तू तरुण आहेस. तुझ्या मागे कशाला बसवायची तिला."

"म्हणजे पुन्हा तिला आत ठेवूनच निघून जाणार होतात."

हे मी बोलायला नको होतं. नेसवोल्ड घराण्यात असं कुणी बोललेलं नाही. आजोबा उठले, कप धुतला, पुसला, जागेवर ठेवला.

"या शनिवारी जेवण आहे चर्चचं," भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले. "गाडी काढ."

शनिवार. अजून ऊन होतं. पार्किंगमध्ये मेपलची पानं, आणि दारापासून पायऱ्यांपर्यंत भांडी घेऊन उभी असलेली रांग. अर्धं गाव.

आमची गाडी वळली आणि रांगेतले हात वर आले.

सवयीनं.

मग सगळ्यांना दिसलं कुठली गाडी आहे ती. हात तसेच राहिले. कुणाला खाली घेता येईना, कुणाला हलवता येईना. चाळीसेक माणसं हात वर करून उभी, जणू कुणी बंदूक रोखलीय.

मार्लिस काकू रांगेत पहिली होती. वय बरंच. चर्चचं किचन तिच्या हुकमाखाली चालतं, पाद्रीबाबाही तिला विचारून मीठ घेतात.

"ऑर्व्हल," ती हळूच म्हणाली, "अरे, ही कशाला आणलीस? लोक जेवायला आलेत."

"तीही जेवायलाच आली होती," आजोबा म्हणाले.

सगळ्यांत आधी मार्लिस काकूनं हात खाली घेतला. तो तोंडावर ठेवला.

आजोबा गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेले. दार उघडलं. कळ दाबली. घट्ट होती. मी पुढे झालो.

"मी करतो," ते म्हणाले. "मीच करायला हवं होतं."

त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. सीट पुढे पडली. त्यांनी टोपी काढली, बगलेत धरली, आणि आत हात पुढे केला.

"चल ताई," ते म्हणाले. "पोचलो आपण. माझ्यामुळे उशीर झाला. चुकलं माझं."

कुणी हसलं नाही. कुणी खोकलंही नाही.

रिकाम्या सीटपुढे हात धरून एक म्हातारा उभा. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि कुणाची वाटतेय तेही कळत नव्हतं. वाटलं, पुरे आता, जाऊ या घरी...

चुरचुर.

गाडी हलली. अगदी थोडी.

मागची उजवी बाजू... वर आली. कुणी उतरल्यावर स्प्रिंग उचलते, तेवढीच.

आजोबांचा पुढे केलेला हात खाली झुकला, वजन आल्यासारखा. आणि मग हलका झाला.

रांगेत मार्लिस काकूच्या मागचे सगळे एक-एक पाऊल मागे सरकले. मध्ये एका माणसापुरती जागा झाली. मार्लिस काकूनं हातातले भट्टीचे जाड मोजे काढले आणि त्या जागेपुढे धरले.

"जपून गं," ती म्हणाली. "गरम असेल."

रांग पुढे सरकली. ती जागाही सरकली.

जेवताना कुणी विषय काढला नाही. हवामानावर बोलणं झालं, मक्यावर झालं, कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनवर तर फारच झालं. आजोबा खूप जेवले. दोनदा वाढून घेतलं. त्यांच्या गालांवर रंग आला होता.

"मोकळं वाटतंय रे," ते म्हणाले. "आता बिनधास्त विक."

मला वाटलं, इथं संपलं. तुम्हालाही वाटलं असेल. मला गोष्ट इथं संपवायचीही होती.

आम्ही बाहेर आलो. सूर्य टेकला होता. गाडीचं दार तसंच उघडं होतं, सीट पडलेली. मी ती उचलायला गेलो, इतक्यात मागून मार्लिस काकू आली. हातात काचेचं एक गोल भांडं. धुतलेलं, पुसलेलं.

"हे तुमचं राहत होतं."

आजोबांनी भांडं उलटं केलं. तळाला चिकटपट्टी होती. पिवळी पडलेली. आर्डिस एन.

आजोबांचा चेहरा पांढरा पडला. "हे मी तळ्यात टाकलं होतं," ते म्हणाले. "त्याच वर्षी. बर्फ धरायच्या आत."

"मला काही माहीत नाही बाई," मार्लिस काकू म्हणाली. "टेबलावर होतं. रिकामं झालं. मी धुतलं."

"रिकामं झालं?" मी विचारलं. "म्हणजे आत काही होतं? लोकांनी खाल्लं?"

मार्लिस काकू जमिनीकडे बघायला लागली.

"काकू. तुम्ही खाल्लंत?"

"नाही कसं म्हणायचं? तिला वाईट वाटलं असतं."

"कसं होतं?"

तिनं जरा विचार केला. खोटं तिला बोलवत नाही.

"मीठ कमी होतं," ती म्हणाली. "तिचं नेहमीच कमी असायचं. कुणी बोललं नाही कधी."

ती गेली. मी आजोबांकडे बघितलं. आजोबा गाडीकडे बघत होते.

सीट अजून पुढे पडलेली होती. दार सताड उघडं.

आणि गाडी...

मागच्या उजव्या बाजूनं... हळूच खाली बसली.

आजोबांनी भांडं छातीशी धरलं.

"अर्थात," आजोबा शेवटी म्हणाले. आवाज अगदी बारीक. "जेवण झाल्यावर घरी सोडायचं होतं ना तिला."

तिचं घर आता नाही. तिथं दातांचा दवाखाना आहे. आम्ही तिथंही गेलो. मी सीट पाडली, दार उघडून धरलं, दिवे लागेपर्यंत थांबलो. कुणी उतरलं नाही. त्याबद्दल तिला काय म्हणणार? परक्या दारी न बोलावता जाणाऱ्यातली ती नाही.

आजोबा वृद्धाश्रमात गेले. मीच सोडलं, याच गाडीतून. उतरल्यावर त्यांनी वाकून मागच्या खिडकीकडे बघितलं आणि हात केला. परत फिरून आत गेले. मी फोन करतो तेव्हा ते हवामानाचं विचारतात. मग थोडं थांबून विचारतात, "सीट पाडतोस ना?"

पाडतो. प्रत्येक ठिकाणी. दुकान, पेट्रोल पंप, केस कापायला गेलो तरी. आधी तिच्यासाठी सीट पाडतो, थांबतो, मगच जातो. लोक बघतात. एकदा घाईत विसरलो. परत आलो तर डाग पोळण्याइतका गरम होता, आणि खिडकीच्या आतल्या बाजूला धुकं जमलेलं. त्या धुक्यावर एका पंजाची खूण.

थाप मारल्याची नव्हती. हात हलवल्याची होती.

कधी कधी वाटतं, ती उतरत नाही कारण तिला जायला जागा नाही. कधी वाटतं, ती माझ्यासाठीच बसलीय, मला एकट्याला गाडी चालवावी लागू नये म्हणून. आणि कधी कधी मागून चुरचुर होते, घसा लाजेनं भरून येतो, आणि कळत नाही की ही लाज आता तिची राहिलीय की माझी झालीय.

जाहिरात मी काढून टाकली. त्याऐवजी कालच राज्याच्या वाहन नोंदणी कार्यालयाला पत्र टाकलं. उत्तर येणार नाही, मला माहीत आहे. तरी मजकूर देतो.

प्रति,
माननीय वाहन नोंदणी अधिकारी,

महोदय, आमच्या दोन दारी वाहनाची आसनक्षमता आपल्या दप्तरी चार अशी नोंदलेली आहे. ती दुरुस्त करून तीन अशी करण्यात यावी, व मागील उजवे आसन कायमस्वरूपी व्यापलेले असल्याची नोंद घेण्यात यावी, ही नम्र विनंती. सदर प्रवाशाची कोणाविरुद्धही तक्रार नाही. वाहनास अन्य किरकोळ डाग-ओरखडे आहेत.

घाई नाही. आपल्याला त्रास होणार असेल, तर राहू द्यावे.